शरदातले परस

घराच्या मागील दाराबाहेर, विहीर आणि मोरी यांच्या आधाराने राखलेल्या जमिनीच्या लहान तुकड्याला मराठीत परस म्हणतात. कोकणात त्याच अर्थाने परडे हा शब्द अधिक रूढ आहे, आणि अलीकडच्या लिखाणात या दोहोंच्या जागी परसबाग हा जोडशब्द स्थिरावला आहे. मळ्यातला माल बाजारासाठी पिकतो, नारळ-पोफळींच्या आगराचा हिशेब वर्षाच्या उत्पन्नात होतो आणि पेशवाईतल्या हिराबागेसारख्या बागा विहारासाठी लावल्या जात. परसाचे नाते मात्र केवळ चुलीशी आणि देव्हाऱ्याशी असते. तेथे माणूस कामासाठी जातो, मग ते काम कढीलिंबाची डहाळी तोडण्याचे असो, भांडी घासण्याचे असो किंवा पूजेची फुले वेचण्याचे असो. शौचाला जाण्यासाठी जुन्या मराठीत 'परसाकडे जाणे' हा जो वाक्प्रचार आहे, त्यावरून घराच्या रचनेत या जागेचे स्थान किती मागचे आणि तरीही किती अटळ होते हे कळते.

अशा जागेचा इतिहास लिहिणे अवघड आहे, कारण राज्यकर्त्यांनी ठेवलेल्या दप्तरांत परस फारसे सापडत नाही. पेशवाईतले कमाविसदार असोत किंवा १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या रयतवारी पाहणीतले इंग्रज अधिकारी असोत, त्यांची मोजणी शेतसाऱ्यासाठी होती. जिरायत आणि बागायत यांचे दर वेगळे ठरत, बागायतीचा आकार चढा असे, पण गावठाण, म्हणजे घरे आणि त्यांच्या लगतची मोकळी जागा, सामान्यतः सारामाफ राहिली. ज्यावर कर नाही त्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याला इतिहासही नाही असा समज सहज होतो. परसाच्या बाबतीत दप्तराचे काम सणवारांनी, स्वयंपाकाच्या विधिनिषेधांनी आणि वनस्पतींच्या नावांनी केले आहे. आणि हे दप्तर सर्वांत दाट लिहिले गेले ते शरदात, म्हणजे आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांत, तसेच त्यांच्या उंबरठ्यावरील भाद्रपदाच्या उत्तरार्धात.

त्याचे पहिले कारण पावसाचे आहे. नैऋत्य मोसमी पाऊस महाराष्ट्रातून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. रत्नागिरीसारख्या ठिकाणी तोवर तीन हजार मिलिमीटरहून अधिक आणि पुण्यात सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस होऊन गेलेला असतो. विहिरी काठोकाठ असतात, माती ओली असते, आणि आभाळ मोकळे होताच पडणारे कडक ऊन ओलाव्यावर पोसलेल्या वेलींना एकदम फळांवर आणते. मृगात टोकलेल्या बियांचा सारा हिशेब या दोन महिन्यांत पुरा होतो. मांडवावर दोडके (कोकणात त्यांना शिराळी म्हणतात), घोसाळी, कारली आणि दुधी लोंबू लागतात. पडवळ वाकडे वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला दोरीने खडा बांधला जातो. छपरावर चढवलेल्या वेलीवर भोपळे पिवळे पडू लागतात. आणि वालपापडी, पावटा, अबई या शेंगांच्या वेली फुलावर येतात. अळवाच्या पानांवर मात्र या उन्हाचा परिणाम उलट होतो, आणि मोरीच्या सांडपाण्याखेरीज त्यांना आधार राहत नाही. म्हणूनच जुन्या घरांत मोरीचे तोंड नेमके अळवाच्या खाचरात किंवा केळीच्या बुंध्याशी सोडलेले असे. घरातले पाणी वाया न घालवण्याची ही व्यवस्था कोणा स्थपतीने आखलेली नव्हती, तरी तिची शिस्त एखाद्या कालव्याइतकीच काटेकोर होती.

परसाचे वर्ष शरदात पाण्याच्या बाबतीत पालटते. चार महिने आभाळातून आपोआप मिळालेले पाणी आता विहिरीतून काढावे लागते, आणि कोकणात या कामाला शिंपणे असा स्वतंत्र शब्द आहे. पावसाळ्यात झाडांच्या मुळाशी पाणी तुंबू नये म्हणून मोडलेली आळी, म्हणजे बुंध्याभोवतीची गोल खळगी, आश्विनाच्या शेवटी पुन्हा बांधली जातात. पाट, म्हणजे मातीचे लहान कालवे, गवत काढून मोकळे केले जातात. आणि पाणी उपसण्याची साधने दुरुस्त होतात. त्यांतली लाट म्हणजे खांबावर आडवी तोललेली लांब वासा असे, ज्याच्या एका टोकाला दगडाचे वजन आणि दुसऱ्या टोकाला पोहरा बांधलेला असे, आणि एकटा माणूस तिच्या साहाय्याने उथळ विहिरीतून सकाळभरात परसाला पुरेल इतके पाणी काढू शकत असे. मोठ्या आगरांच्या विहिरींवर रहाट असे. त्याच्या चाकावरून फिरणाऱ्या माळेला मातीची गाडगी बांधलेली असत आणि बैल त्याला फिरवत असे. देशावर हेच काम चामड्याची मोट करी, परंतु मोट ही मळ्याची. परसाला देशावरच्या घरांत बहुधा दोर-पोहऱ्यावर आणि स्नानाच्या व धुण्याच्या पाण्यावरच भागवावे लागे. पुण्याला या बाबतीत वेगळे दैव लाभले होते. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत १७४९च्या सुमारास कात्रजहून पाणी आणणाऱ्या बंदिस्त नळाचे काम हाती घेतले गेले, आणि त्या पाण्याने शहरातले हौद भरू लागल्यावर वाड्यांच्या मागील चौकांतली केळी-कर्दळी, तुळशी आणि फुलझाडे आश्विनानंतरही तग धरू लागली.

शरदाच्या तोंडाशी येणारे दोन प्रसंग परसाच्या इतिहासात विशेष मोलाचे आहेत. पहिला ऋषिपंचमीचा. भाद्रपद शुद्ध पंचमीला व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या श्रमावर पिकलेले धान्य खात नाहीत. त्या दिवशी हाताने खणून, टोकून वाढवलेल्या भाज्या आणि नांगर न लावता पिकलेला देवभात एवढेच चालते. नांगर येण्यापूर्वी काठीने भोक पाडून बी टोकणाऱ्या शेतीची ही आठवण असावी असे मानण्यास चांगला आधार आहे, आणि त्या शेतीचा घराला लागून उरलेला शेवटचा तुकडा म्हणजे परस. म्हणूनच एरवी दुय्यम समजल्या जाणाऱ्या या जागेला त्या एका दिवशी शेतापेक्षा वरचा मान मिळतो. अळू, लाल माठ, सुरण, काकडी, दोडका, भोपळा आणि मक्याचे कणीस एकत्र शिजवून केलेली ऋषीची भाजी म्हणजे त्या आठवड्यात परसात काय काय उभे आहे याची यादीच असते. गोव्यात हीच यादी डोक्यावर टांगली जाते: गणपतीच्या वर लाकडी चौकटीला फळे, भाज्या, रानातल्या शेंगा आणि सुपाऱ्यांचे घड बांधून जी माटोळी सजवली जाते, तिच्यातून घरामागचे परस आणि त्याच्या पलीकडचे रान एकाच वेळी देवासमोर मांडले जाते.

दुसरा प्रसंग पितृपक्षाचा. भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांच्या पानावर काय वाढावे याचे संकेत घरोघर काटेकोर पाळले जातात, आणि कारले, गवार, भेंडी, अळू, भोपळा या भाज्यांचा त्यांत अनेक घरांत आग्रह असतो. श्राद्धाचा स्वयंपाक हा नवेपणाला सर्वांत कमी वाव देणारा. तरीही त्या पानावर लाल भोपळा निर्धास्त बसलेला दिसतो, आणि वनस्पतीशास्त्राचे मत असे की लाल भोपळ्याचे मूळ अमेरिका खंडात आहे. ऋषींच्या नावाने शिजणाऱ्या भाजीतला मकाही तिकडचाच. १४९२ पूर्वी या दोहोंपैकी एकही मराठी घराच्या परसात असणे शक्य नव्हते. पितरांना आणि ऋषींना जे अन्न अर्पण होते त्यातला काही भाग त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेलाही नव्हता, ही गोष्ट परसाच्या इतिहासाच्या केंद्रस्थानी ठेवावी लागते.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर त्यांच्या जहाजांबरोबर या किनाऱ्यावर जी झाडेझुडे उतरली, त्यांतल्या अनेकांनी आपली नावेही सोबत आणली. बटाटा, अननस, पपई, काजू हे शब्द पोर्तुगीज भाषेच्या वाटेने मराठीत आले, आणि पेरू हे नाव त्या भाषेतल्या नासपतीसाठीच्या शब्दावरून आले असे मानले जाते. मिरचीने दुसरा मार्ग पत्करला: तिचे नाव येथील जुन्या मिरीवरून पडले, आणि गोव्यात तिला म्हणतात त्या मिरसांग या शब्दातही मिरी ऐकू येतेच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ ते ११३१ या काळात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथातल्या अन्नभोगाच्या वर्णनात तिखटपणासाठी मिरी आहे. मिरचीचे रोप परसात येण्यास तेथून पुढे चार शतके जायची होती. सीताफळाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. आश्विनात परसातल्या आणि डोंगरउतारावरच्या सीताफळांचे डोळे उघडू लागतात, म्हणजे खवल्यांमधल्या भेगा पांढरट होतात, तेव्हा ती उतरवून धान्यात किंवा पेंढ्यात पिकत घालतात; या फळाच्या नावात सीता असल्याने ते पुराणकाळापासूनचे असणार असे लोकमानस समजते. भारहूतच्या स्तूपावरील शिल्पांत दिसणारे एक फळ सीताफळच असावे असा तर्क एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीही मांडला होता, परंतु वनस्पतीशास्त्राचा कौल या झाडाचे मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात असल्याच्या बाजूने पडतो. नावावरून वय ठरवण्यात किती धोका आहे हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण परसात दुसरे नाही.

या परक्या वनस्पती शरदाच्या विधींत इतक्या सहज कशा सामावल्या याचे उत्तर निषेधांच्या याद्यांत शोधावे लागते. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचा चातुर्मास पाळणारी घरे कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य करतात. त्यासाठीच आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून कांद्याचा निरोप घेतला जातो, आणि वांगे तर पुष्कळ घरांत मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत होऊन येईपर्यंत पानावर परतत नाही. शास्त्रवचनांच्या आधाराने श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्ये वर्ज्य करण्याचाही एक नियम आहे, आणि नेमक्या त्याच कार्तिकात वालाच्या व पावट्याच्या शेंगा भरू लागतात. वांगे हे भारतातलेच जुने फळ, कांदा-लसूणही सहस्रावधी वर्षांचे. तरी ते वर्ज्य. रताळे आणि बटाटा कालचे, तरी नवरात्राच्या नऊ दिवसांच्या उपवासाला ते ग्राह्य. याचे कारण असे दिसते की निषेध करणाऱ्यांनी ज्यांची नावे घेतली ती त्यांना ठाऊक असलेल्या वनस्पतींची होती. नंतर आलेल्यांविषयी ग्रंथ मौन होते, आणि त्या मौनातून वाट काढत रताळे कंदमुळांच्या जुन्या पंगतीत सुरण आणि करांद्याशेजारी जाऊन बसले. नांगराखालचे धान्य नको आणि जमिनीतला कंद चालेल हा उपवासाचा निकष आधीपासून तयार होता. नव्याला फक्त त्यात बसायचे होते. हा निर्णय धर्मसभेने घेतल्याचे दिसत नाही. तो स्वयंपाकघर आणि परस यांच्यामधल्या उंबरठ्यावर, पिढ्यान्‌पिढ्या उपवासाचे ताट वाढणाऱ्या स्त्रियांनी घेतला असला पाहिजे, आणि मराठी समाजाच्या इतिहासातल्या मोठ्या निर्णयांत त्याची गणना व्हायला हवी.

फुलांच्या बाबतीत हीच प्रक्रिया अधिक ठळक आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना होते, म्हणजे पत्रावळीवर किंवा टोपलीत शेताची वा परसाची माती पसरून तीत धान्य पेरले जाते, मधोमध पाण्याचा घट ठेवला जातो आणि त्यावर रोज एक फुलांची माळ चढवली जाते. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत उगवलेले कोवळे पिवळसर अंकुर दसऱ्याला पागोट्यात किंवा केसांत खोवतात. देशावर या माळा कारळ्याच्या आणि तरवडाच्या पिवळ्या फुलांच्या करण्याची जुनी रीत आहे, कारण शेताच्या बांधांवर तेव्हा तीच फुललेली असतात. मेक्सिकोतून आलेला झेंडू या पिवळ्या रंगाच्या जागी आला, आणि तो आला तेव्हा त्याच्यासाठी जागा आधीच तयार होती: रंग तोच, ऋतू तोच, शिवाय फूल मोठे, माळेत टिकाऊ आणि बियांवरून दरसाल आपोआप उगवणारे. आज आंब्याच्या पानांच्या तोरणात झेंडू नसलेला दसरा मराठी माणसाला ओळखू येणार नाही. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते, कारण ज्या कारळ्याला झेंडूने मागे सारले त्याचे मूळही इथिओपियात आहे. ते झेंडूच्या फार पूर्वी आले एवढेच. परसात मूळचे कोण आणि परके कोण हा प्रश्न विचारला की उत्तर नेहमी आणखी एक पायरी मागे सरकते. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी, पूजेच्या पत्रींत मिरवणारी कर्दळ, देवळांच्या आवारातला पांढरा चाफा आणि रात्री दरवळणारा निशिगंध हे सारे अमेरिकेकडचे आहेत, आणि दिवाळीच्या सुमारास कळ्या धरणारी शेवंती चीनकडची.

येथल्या मातीतल्या ज्या झाडाने शरदावर आपला हक्क कधीच सोडला नाही ते म्हणजे प्राजक्त. त्याची फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. भुईवर पडलेले फूल देवाला वाहू नये हा नियम या फुलासाठी शिथिल आहे, म्हणून आश्विनातल्या पहाटे झाडाखाली धुतलेले वस्त्र पसरण्याची किंवा सडा घातलेल्या जमिनीवरून फुले वेचण्याची पद्धत घरोघर होती. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला, गोव्यात स्थायिक झाला आणि मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात नारळ, केळ, फणस, विडा आणि हळद यांच्याबरोबर प्राजक्तावरही एक प्रकरण आहे. त्याने या झाडाला दुःखी झाड म्हटले, सूर्यावर प्रेम करणाऱ्या आणि त्याने अव्हेरलेल्या मुलीच्या राखेतून ते उगवले ही येथे ऐकलेली कथा नोंदवली, आणि फुलाच्या नारिंगी देठांनी केशराप्रमाणे अन्नाला रंग देतात हेही सांगितले. पुढे अठराव्या शतकात लिनियसने या झाडाला दिलेल्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्दही दुःखी झाड याच अर्थाचा आहे. गोव्याच्या परसातली एक लोककथा अशा रीतीने युरोपातल्या वनस्पतीशास्त्राच्या शब्दकोशात कायमची जाऊन बसली, आणि त्या कथेतली मुलगी मात्र तेथे अनामिकच राहिली.

हस्त नक्षत्रात सूर्य गेला की, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून, मुलींचा हादगा किंवा भोंडला सुरू होतो. पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याच्याभोवती फेर धरण्याच्या या खेळाचे नाव ज्या हादग्याच्या झाडाशी जुळते, ते झाड पानमळ्यांत विड्याच्या वेलींना आधार म्हणून लावतात, झटपट वाढते आणि याच सुमारास फुलू लागते. त्याच्या मोठ्या पांढऱ्या फुलांची भाजी आणि भजी होतात. हत्तीच्या चित्राला ऋतूतल्या फळभाज्यांच्या माळा बांधण्याची रीत अनेक ठिकाणी होती, आणि रोज बदलणारी खिरापत ओळखण्याचा खेळही घराघरात काय पिकले व काय साठवले आहे याच्या जाणकारीवरच चाले. सासरी परसाच्या पलीकडे पाऊल टाकण्याची मुभा नसलेल्या मुलींना शेजारच्या परसात जाण्याचे हे सोळा दिवस होते, हे या खेळाविषयी लिहिताना विसरता कामा नये.

परसाच्या सामाजिक बाजूविषयी एवढ्यावर थांबणे अप्रामाणिक ठरेल. जुन्या वाड्यांत शौचकूप परसाच्या टोकाला असत आणि ते साफ करण्याचे काम ज्या जातींवर लादले गेले होते त्यांचा वावर मागच्या बोळातूनच होई. धान्य, ताक, उरलेले अन्न किंवा एखादा भोपळा यांची देवघेव मागील दारी, स्पर्श टाळून, वरून टाकून होत असे. पुढल्या दाराने ज्यांना प्रवेश नव्हता त्यांना घराची ओळख परसाच्या बाजूनेच होती. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत तर घरामागे जमीनच अपुरी असे, आणि तेथे परस म्हणजे छपरावर चढवलेला एखादा दुधी किंवा डांगराचा वेल एवढेच. दुसरीकडे, या जागेवर राबणाऱ्या उच्चवर्णीय घरांतल्या विधवांना आणि आश्रित स्त्रियांना घरात ज्या एकाच ठिकाणी स्वतःच्या मर्जीने काही लावता-उपटता येत असे, ते ठिकाणही हेच होते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१६च्या सुमारास लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आंबा-फणसासारखी झाडे मालकाला राजी केल्याशिवाय तोडू नयेत, कारण लोकांनी ती मुलांप्रमाणे जोपासलेली असतात, असा जो आशय आहे, त्यातले जोपासणे बहुतांशी या अनाम हातांचे होते.

दिवाळी येते तेव्हा परसातला हिरवेपणा ओसरू लागलेला असतो, आणि सणाला लागणाऱ्या वस्तूंपैकी पुष्कळ वस्तू तण म्हणून वाढलेल्या असतात. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानानंतर डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचे कारीट, म्हणजे काकडीच्या कुळातले लहान कडू फळ, कुंपणाच्या वईवर आपोआप रुजलेल्या वेलीवर मिळते. स्नानाच्या वेळी अंगावरून फिरवायचा आघाडा आणि टाकळा हेही कोणी लावत नाही. परस स्वच्छ करणाऱ्या हाताने या तीन वनस्पती तेवढ्या दिवाळीपर्यंत राखाव्या लागत. कोहळ्याला मात्र जपून वाढवले जाई, कारण खंडेनवमीला बळीच्या जागी तो कापला जातो आणि कार्तिक शुद्ध नवमीला, जिला कूष्मांडनवमी म्हणतात, त्याचे दान करतात. त्याच पंधरवड्यात आवळ्याच्या झाडाखाली जेवण्याची, म्हणजे आवळीभोजनाची, प्रथा आहे. प्रबोधिनी एकादशीनंतर तुळशीचे लग्न लागते तेव्हा वृंदावनाभोवती ऊस उभे करतात, बुंध्याशी आवळा, चिंच आणि बोरे ठेवतात, आणि ती देवाला दाखवल्यावाचून खायची नाहीत हा संकेत मुलांनाही ठाऊक असतो. कच्ची फळे अकाली झोडपली जाऊ नयेत यासाठी इतका परिणामकारक नियम कोणत्याही पंचायतीला करता आला नसता.

एकोणिसाव्या शतकातल्या बदलांची नोंद थोडक्यात पुरे. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले आणि ते १८६५ पर्यंत चालले. कोबी, फ्लॉवर, मटार यांसारख्या थंडीतल्या भाज्या त्या शतकात छावण्यांच्या आणि बंगल्यांच्या बागांतून पसरत शहराजवळच्या मळ्यांत गेल्या. परसात त्यांना जागा मिळाली ती तुरळकच, कारण त्यांचा मोसम हिवाळ्याचा, त्यांचे बी घरी धरणे कठीण आणि सणांच्या याद्यांत त्यांना काम नव्हते. टोमॅटोला सुरुवातीला बेलवांगे म्हणत. वांग्याच्या कुळाची ही ओळख नावातच आल्याने अनेक कर्मठ घरांनी त्याला दीर्घकाळ लांब ठेवले. मुंबईत परसे नाहीशी झाली आणि नावे उरली: गिरगावातल्या फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी आणि मुगभाट यांत एकेकाळची लागवड तेवढी शाबूत आहे, आणि भाट या शब्दाला गोव्याकडे आजही बागायती जमीन असाच अर्थ आहे. चाळींतल्या बिऱ्हाडांनी तुळस, ओवा आणि गवती चहा डब्यांत लावून गॅलरीत आणले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अधिक धान्य पिकवा अशी सरकारी मोहीम आली तेव्हा घरालगतच्या भाज्यांना प्रथमच राज्यकर्त्यांच्या भाषेत स्थान मिळाले.

परसाचे खरे भांडवल मात्र कार्तिकाच्या अखेरीस घरात येते, आणि ते म्हणजे बी. वेलीवरचे पहिले किंवा सर्वांत घाटदार फळ तोडायचे नाही, ते बियाण्यासाठी जून होऊ द्यायचे हा नियम सर्वत्र होता; अशा फळाला चिंधी बांधून ठेवत म्हणजे घरातल्या कोणाचा हात चुकून त्याला लागत नसे. दोडके आणि घोसाळी वेलीवरच वाळत, त्यांच्या जाळीचा उपयोग अंग आणि भांडी घासण्यासाठी होई आणि आतले काळे बी खुळखुळू लागले की ते काढून घेतले जाई. वाल आणि चवळीचे दाणे राखेत घोळून मडक्यात भरत, भोपळ्याच्या आणि काकडीच्या बिया ओल्या शेणात थापून भिंतीला चिकटवत, आणि कोकणात मोठी पिवळी तवशी, म्हणजे जून काकड्या, तसेच भोपळे आणि कोहळे दोरीच्या शिंक्यांत बांधून वाशांना टांगत, जेथे चुलीचा धूर त्यांना कीड लागू देत नसे. संकरित बियाण्यांची पाकिटे बाजारात आल्यावर ही साखळी बहुतेक ठिकाणी तुटली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी राहीबाई पोपेरे यांनी आपल्या परसापासून ती पुन्हा जोडायला घेतली, वाल, घेवडा आणि इतर भाज्यांचे डझनावारी स्थानिक वाण जमवले, ते इतर घरांत वाटले, आणि शाळेत न गेलेल्या या स्त्रीला २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बीजकोशातली मडकी, राख आणि शेणाने सारवलेल्या कणग्या यांत नवे असे काही नाही. कार्तिकात भरलेले मडके मृगाच्या पहिल्या पावसाला उघडायचे हा त्यामागचा क्रमही जुनाच आहे.